मानाचा सायलेन्सर

सायंकाळी साडेपाच वाजता बोरखडी गावच्या पोळ्याचं तोरण तुटलं. तोडणारा बैल नव्हता. मोटारसायकल होती. मोटारसायकलवर मी होतो.

बातमी एवढीच. पण एवढ्यावर थांबलो तर वाचक म्हणतात, हा माणूस काहीतरी लपवतोय! म्हणून पुढचं सांगतो.

मी यवतमाळला लोहाऱ्यात राहतो आणि एका दैनिकाला बातम्या पाठवतो. पूर्वी आमचं शहरात कार्यालय होतं, त्यात खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर माणसं होती, आणि माणसं दिवसभर भांडत. आता कार्यालय म्हणजे माझ्या खिशातला फोन. तो भांडत नाही. बायको मुलीकडे पुण्याला गेली आहे, महिनाभरासाठी, बाळंतपणाला. नातू आता दुसरीत आहे. घरी संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की मी "आलो, आलो" म्हणतो. कोणाला म्हणतो, ते विचारू नका.

म्हणून मी रोज संध्याकाळी बोरखडीला जातो. जायचो, असं लिहायला हवं. तिथे किसनराव राहतात. कधीकाळी गावातल्या एका विहिरीच्या बातमीसाठी गेलो होतो, चहा प्यायलो, विहिरीची बातमी छापून आली, विहीर बुजली, पण चहा चालू राहिला. गावाच्या अलीकडे नाल्यावर पूल आहे. पुलावर माझ्या गाडीचा आवाज आला की किसनरावांची बायको लीलाबाई अंगणातल्या चुलीवर चहा ठेवायची. मी दारात गाडी उभी करेपर्यंत चहाला उकळी! असा अचूक बंदोबस्त मी मंत्र्यांच्या दौऱ्यातही पाहिला नाही.

आता त्या आवाजाबद्दल. माझी मोटारसायकल जुनी. सायलेन्सर गंजून खालून चाळणी झालेला. गाडी चालली की दम लागलेल्या म्हशीसारखी फुरफुरायची. आणि चढावर तर म्हैस बसूनच घ्यायची!

एका संध्याकाळी किसनराव म्हणाले, "भाऊ, तुमच्या गाडीचं बॅक प्रेशर गेलं."

"काय गेलं?"

"बॅक प्रेशर! सायलेन्सरले भोकं पडले. धूर मधातूनच निसटून राह्यला. इंजनले मागून जोर भेटला नाई तर थे वढन कशी?"

"किसनराव, इंजिनाला मागून जोर नको असतो. धूर जितका मोकळा बाहेर जाईल तितकं चांगलं."

"असं? फवारणीचा पंप पाह्यला ना तुमी? नोझल काढून पाहा. निस्तं पानी गळते, फवारा उडते का? जोर कायनं येते? तोंड बारीक असल्यानं!"

"मग तुम्ही नाकात बोळे घालून धावून दाखवा!"

"मी काहून धावू? मी काय फटफटी हावो?"

"दोघायचीबी वाफ निघून राह्यली," लीलाबाई म्हणाली. "चहा घ्या, भाऊजी."

हा वाद दिवाळीला सुरू झाला. कापूस वेचून झाला, तूर निघाली, उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या; वाद चालूच! किसनराव रोज नवा पुरावा आणायचे. कधी चुलीची फुंकणी, कधी विहिरीवरची मोटर, एकदा तर जावयाचं घोरणं. मी यवतमाळहून नवा युक्तिवाद घेऊन निघायचो, वाटेत मोठ्याने म्हणून पाहायचो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले कामगार वळून बघायचे. माझ्या दिवसात दुसऱ्या कोणाशी वाद घालण्याची सोयच नव्हती.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण अर्धवट गोष्ट सोडायची मला सवय नाही! दोन बाजू असल्या की तिसरीकडून खातरजमा करायची, हा आमचा धंदा. मी ठरवलं, वाद पुराव्यानिशी संपवायचा. सायलेन्सर काढून सरळ मोकळा पाइप बसवायचा आणि बोरखडीचा चढ किसनरावांच्या डोळ्यांदेखत टॉप गिअरमध्ये चढायचा! संपला वाद!

वाद संपल्यावर रोज संध्याकाळी बोलायचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

लोहाऱ्यात कपिलचं गॅरेज आहे. कपिलचं सगळ्या गोष्टींवर ठाम मत असतं आणि ते दर गिऱ्हाइकागणिक बदलतं.

"बॅक प्रेशर? काका, सगळ्या अफवा! मोकळा पाइप टाका, गाडी विमान होते."

"मागच्या आठवड्यात तू एकाला सांगत होतास की बॅक प्रेशरशिवाय इंजिन मरतं."

"थ्याले सायलेन्सर इकायचा होता ना, काका!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाइप बसला. मनगटाएवढा, चकचकीत, शेवटाला भोंग्यासारखा. गाडी सुरू केली तर शेजारच्या पिठाच्या गिरणीतून बायका बाहेर आल्या!

"एक सांगतो काका," कपिल ओरडला, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "कार्बोरेटरचं जेट बदलाव लागन. थे नागपुरातून येऊन राह्यलं. तवर अॅक्सिलेटर झटक्यात सोडू नका!"

"सोडला तर?"

"फटाके वाजतीन!"

मी मान हलवली. मान हलवणं आणि लक्षात ठेवणं ह्यांत अंतर असतं, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण किसनरावांचा सगळा जीव त्यात अडकला होता. बोरखडीत तोरण तोडायचा मान वर्षानुवर्षं पाटलांच्या जोडीचा. पाटलांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला. मागच्या पोळ्याला त्यांनी पुसदहून भाड्याची जोडी आणली, आणि भाड्याच्या बैलांनी तोरण तोडायच्या ऐवजी खाल्लं! तेव्हा गावातले सगळ्यांत जाणते रामराव आजोबा म्हणाले, "बस झालं. पुढच्या साली मान किसनच्या जोडीचा."

किसनरावांचे बैल म्हणजे मोऱ्या आणि गुलब्या. वर्षभर त्यांचं खाणंपिणं असं चाललं होतं की जणू वधूवर! पोळ्याच्या आधी किसनराव मला म्हणाले, "भाऊ, तोरण तोडतानीचा फोटो काढजा. पेपरात आला पाह्यजे."

"येईल की."

"आला तर अमर पाह्यते." अमर त्यांचा मुलगा, हैदराबादला नोकरीला. "मी फोनवर सांगतलं तर 'हो बाबा, हो बाबा' म्हणते अन् ठेवून देते. पेपरातलं कसं, खरं वाटते."

मी शब्द दिला. फोटो मी काढणार, बातमी मी पाठवणार!

पोळ्याच्या दिवशी मला निघायला उशीर झाला. झरी जामणीकडे रस्ता खचल्याची बातमी द्यायची होती. बोरखडीच्या पुलावर आलो तेव्हा ढोल ऐकू येत होते. चढ आला. मी टॉप गिअर ठेवला. आणि सांगायला आनंद होतो की गाडी चढली! धापा टाकत, गचके खात, पण चढली! किसनरावांचा दावा तिथेच निकाली निघाला असं मी जाहीर करणार होतो. साक्षीदार मात्र एकही नव्हता. साक्षीदार सगळे चढाच्या पलीकडे, उताराच्या तळाशी, तोरणापाशी उभे होते.

दोन बल्ल्यांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. समोर बैलजोड्यांची रांग. रांगेत सर्वांत पुढे मोऱ्या आणि गुलब्या, अंगावर आरशांच्या झुली, कपाळावर बाशिंगं, शिंगांना बेगड. मध्ये किसनराव, डोक्याला नवा फेटा, चेहरा नवरदेवाच्या बापाचा. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या होत्या. रामराव आजोबांनी हात वर केला होता. सगळं गाव श्वास रोखून गप्प!

उतार लागला म्हणून मी अॅक्सिलेटर सोडला. झटक्यात.

फाट्!

त्या शांततेत तो आवाज असा घुमला की मीच दचकलो. दचकलो म्हणून मूठ पिळली गेली, पिळली म्हणून घाबरून परत सोडली. फाट्! फट् फट् फटाक्! पाइपातून ज्वाळा निघाली, असं मागाहून लोकांनी सांगितलं. मी पुढे बघत होतो. पुढचं दृश्य पुरेसं होतं. मोऱ्या डावीकडे, गुलब्या उजवीकडे, आणि मध्ये दोन्ही कासऱ्यांना धरलेले किसनराव क्षणभर वधस्तंभावर दिल्यासारखे आडवे ताणले गेले! मग तिघंही एकाच दिशेने, तुरीच्या वावरात, दिसेनासे झाले. त्यांच्या मागे उरलेला पोळा.

रस्ता एकदम रिकामा झाला. मी ब्रेक दाबला. जुना ब्रेक. आंब्याची पानं तोंडावर आली, काहीतरी तटकन् तुटलं आणि गाडी बंद पडली. तोरण माझ्या गळ्यात होतं.

मग मागून कोणीतरी, सवयीने असेल, ओरडलं, "हर बोला, हर हर महादेव!"

आणि ढोल वाजायला लागले!

"थांबवा! थांबवा!" मी म्हणालो. "तोरण परत बांधा! किसनरावांना येऊ द्या!"

"परत कसं बांधता?" रामराव आजोबा काठी टेकत पुढे आले. "तोरण एकडाव तुटलं का तुटलं."

"पण आजोबा, ही गाडी आहे!"

"दिसून राह्यलं मले. मोतीबिंदू काढेल हाये." ते गाडीभोवती फिरले. "जो तोडीन त्याची पयली पूजा. अन् पयली पूजा यंदा किसनच्या दारी. ठरेल हाये. चला!"

"अहो, प्रथा बैलांसाठी आहे!"

"प्रथेत बैल असं कुठी लिवलं नाई. तोडीन थो, असं हाये. पाटलाच्या भाड्याच्या बैलायले आमी नाई म्हनलं का? पूजा केलीच ना?"

युक्तिवाद अचूक होता.

गाडी ढकलत वाजतगाजत किसनरावांच्या दारी नेली. मोबाइल सगळ्यांचेच बाहेर निघाले होते. लीलाबाई पूजेचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती सकाळपासून पुरण वाटत होती आणि तोरणापाशी काय झालं हे तिला कळलं नव्हतं. तिने आधी मोटारसायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या तोरणाकडे.

"हे कुठी हायेत?" तिने विचारलं.

"वावरात," मी म्हणालो.

"अन् बैल?"

"तेही."

रामराव आजोबा म्हणाले, "लीला, आटप. येळ टळून राह्यली."

तिने पुढच्या चाकावर पाणी घातलं. हेडलाइटला कुंकू लावलं. पुरणपोळी हँडलवर ठेवली, ती घसरली, मग टाकीवर ठेवली. एकदाही वर पाहिलं नाही.

आणि त्याच वेळी किसनराव आले. फेटा नव्हता. एका हातात मोऱ्याचा कासरा, दुसऱ्या हातात गुलब्याचा. झुली चिखलात. एका बैलाचं बाशिंग मानेवर लोंबत होतं. आपल्याच दारात, आपल्याच बायकोच्या हातून, कुंकू लावून घेणाऱ्या माझ्या हेडलाइटकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"वढली का चढावर?" त्यांनी विचारलं.

"वढली," मी म्हणालो. काय बोलावं ते कळलं नाही म्हणून खरं तेच बोललो.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बैलांना घेऊन गोठ्यात गेले.

मी मागोमाग गेलो. ते ओल्या फडक्याने मोऱ्याचे खुर पुसत होते. वर न पाहता म्हणाले, "भाऊ, एक काम करा. छापा का माह्या जोडीनं तोडलं."

"किसनराव..."

"एक ओळ. फोटो नको. एक ओळ लिवा निस्ती."

"ते झालं नाही, किसनराव."

"मले मालूम हाये झालं नाई. मी काय आंधया हावो? लिवा म्हनतो."

मी आयुष्यात चुकीची बातमी पाठवली नाही. पाठवली तर दुसऱ्या दिवशी खुलासा पाठवला आहे. मी बैलाच्या मानेवर लोंबणारं बाशिंग सोडवू लागलो. ते समजले.

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. नेमकी. किसनरावांच्या जोडीला मान होता, बैल बिथरले, तोरण दुचाकीने तुटले, आणि दुचाकी चालवणाऱ्याचं नाव, वय, पत्ता. माझं नाव, माझं वय, माझा पत्ता! निदान दोष कोणाचा, हे कागदावर यावं.

सकाळी अंक घेऊन बोरखडीला गेलो. हळूहळू, अॅक्सिलेटर जपत. तरी पुलावर दोन फटाके उडालेच. घराजवळ आलो तर लीलाबाई कोंबड्या खुराड्यात कोंडत होती.

"ट्रॅक्टर वाटला मले," ती म्हणाली. चूल थंड होती.

किसनराव ओसरीवर होते. त्यांच्या हातात अंक आधीच होता. त्यांनी मोठ्याने वाचलं, "एका अनोळखी दुचाकीस्वारामुळे तोरण तुटले."

"मी नाव दिलं होतं!" मी म्हणालो. खरंच दिलं होतं. मुख्य कार्यालयातल्या पोरीने, अर्पिता तिचं नाव, सरळ काट मारली होती. मी फोन केला तर म्हणाली, "सर, वार्ताहर बातमीत येत नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना?"

हे मी किसनरावांना सांगितलं. त्यांनी अंकाची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"अनोळखी," ते म्हणाले. "मले वाटे, ओळखीचा हाये."

मग ते गोठ्यात गेले. लीलाबाई हळूच म्हणाली, "अमरचा फोन आलता. थ्यानं मोबाइलवर पाह्यलं, कुंकवाचं. हासू हासू लोटपोट झाला. बाबाशी लय येळ बोलला, भाऊजी. एवढा तर दिवाईलेबी बोलत नाई."

"मग?"

"मंग काय? हे निस्ते हो, हो करत होते."

घरी येऊन मी देवसिंग राठोड सरांना फोन लावला. ते आयटीआयमध्ये इंजिन शिकवायचे, आता पुसदला असतात. हा फोन आधी करायला हवा होता, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

"बॅक प्रेशर लागतं का हो, सर, इंजिनाला?"

"अजिबात नाही. बॅक प्रेशर म्हणजे अडथळा. अडथळा कोणाला हवा असतो?"

"म्हणजे मी बरोबर!"

"थांबा. वायू मोकळा जायला हवा, पण वेगाने. फार रुंद पाइप टाकला की तो रेंगाळतो, खालच्या वेगात गाडी मरते. आणि पाइप बदलला की कार्बोरेटरही बदलायचा. तुम्ही धुराडं मोठं केलं आणि चुलीत लाकडं तेवढीच ठेवली. फटाके वाजणारच!"

"आणि ते फवाऱ्याचं नोझल?"

"कोण म्हणालं?"

"माझे एक मित्र."

"त्यांना वेगाचं कळलंय, नाव चुकीचं दिलंय. ते चुकीच्या कारणाने बरोबर आहेत. तुम्ही बरोबर कारणाने चुकलात."

इतकं सुरेख वाक्य! माझा पहिला विचार होता, आत्ताच्या आत्ता जाऊन किसनरावांना सांगू! ह्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत भांडता येईल! मी पायात चपला घातल्यासुद्धा. मग काढल्या.

दुसऱ्या दिवशी कपिलकडे जाऊन मी तो भोंगा काढला आणि कंपनीचा नवाकोरा सायलेन्सर बसवला. गाडी अशी चालू लागली की चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागे. चढ तर ती गुणगुणत चढली. मी थेट किसनरावांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो तरी कोणाला पत्ता नाही.

"अगं बाई!" लीलाबाई दचकली. "कवा आले? आवाजच नाई आला!"

चुलीवर काहीच नव्हतं.

"किसनराव?"

"वावरात गेले."

पायरीवर त्यांच्या वहाणा होत्या. तिने माझी नजर पाहिली आणि ती म्हणाली, "चहा टाकते..." तेवढ्यात गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. ती थांबली. "दूध नासलं वाटते आज," ती म्हणाली.

परत येताना पुलावर गाडी थांबवली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लीलाबाई ओळखायची तो आवाज माझ्या गाडीचा नव्हताच. तो भोकांचा होता! जुना सायलेन्सर शोधायला धावलो. कपिलने तो कधीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

"मग ह्याला भोकं पाड," मी म्हणालो.

"कायले?"

"नव्या सायलेन्सरला. खालून."

कपिलने हातातला पाना खाली ठेवला. "काका, लोक भोकं बुजवायले येतेत."

"बॅक प्रेशर कमी करायचं आहे."

"पण बॅक प्रेशर लागते ना इंजनले!"

"परवा तू अफवा म्हणालास."

"परवा तुमाले पाइप पाह्यजे होता!"

शेवटी त्याने ड्रिल लावलं. एक भोक पाडलं, गाडी सुरू केली. मी कान दिला. "नाही. जुनी फुर्र करायची, ही सुर्र करतेय. अजून थोडं मागे." दुसरं भोक. "आता जवळ आलं. पण जुन्याला दम लागायचा." तिसरं. गिरणीतल्या बायका पुन्हा बाहेर आल्या. धडधाकट सायलेन्सरला स्वरात आजारी पाडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा! पाचव्या भोकाला म्हैस परत आली. कपिल म्हणाला, "काका, तुमाले नक्की बरं वाटून राह्यलं ना?"

काल संध्याकाळी मी बोरखडीच्या पुलापर्यंत गेलो. गावात गेलो नाही. पुलावर उभा राहून अॅक्सिलेटर दिला, सोडला, पुन्हा दिला. फुर्र, फुर्र. गाडी अगदी पूर्वीसारखी फुरफुरली. मग बंद केली आणि वाट पाहिली.

थोड्या वेळाने किसनरावांच्या अंगणातून धूर वर आला. तो चहाचा होता की गोठ्यात डासांसाठी केलेल्या धुरीचा, हे वृत्त लिहीपर्यंत कळू शकलेलं नाही.